दिलवरची झोळी

दीड महिना झाला. विसरवाडीच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक फोन उघडून बसलो होतो, तेवढ्यात दिलवरच्या आश्रमशाळेतल्या एका मास्तरांचा फोन आला. "दिलवर सर गेले..." मी विचारलं, "कुठं गेले?" इतका मी गाढव! आणि खरं सांगू? कळल्यावर आधी दिलवरचा चेहरा नाही आठवला. माझ्या खणात पडलेला त्याचा टॅब आठवला.

शहाद्याला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी तापीकाठच्या केळीवाल्या गुजरांचा पोरगा, तो डोंगरातल्या काठी गावापलीकडच्या पाड्यावरचा. त्याला सिकलसेल होता. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे धरतात. दुखणं उठलं की पठ्ठ्या उशी दातांत धरायचा आणि जरा उतार पडला की डॉक्टरांनाच म्हणायचा, "एवढे विळे अंगात असताना सुगीला मजूर कशाला लावता?" मला रडू यायचं आणि हा फिदीफिदी हसायचा. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागवायचोच, तो भाग वेगळा.

पुढे तो आश्रमशाळेत संगणक शिकवू लागला. गेल्या वर्षी त्यानं एक खेळ बनवला, नाव 'झोळी'. त्यांच्या पाड्याला रस्ता नाही, म्हणून आजाऱ्याला चादरीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन डांबरी सडकेपर्यंत नेतात. खेळात तेच कोडं. वाटेतले दगड, नाला, आडवा बसलेला बैल, फीत कापायला आलेले पुढारी, सगळे बोटानं बाजूला सारायचे आणि झोळी सडकेला लावायची. वर कोपऱ्यात घड्याळ धावत असतं. झोळीतली बाई आतून टोमणे मारते, "हळू रे, मला वर जायची वाट सरळ आहे, घाई तुम्हालाच." हरलात की पाटी येते : 'पेशंट वर पोहोचला. रस्ता अजून मंजुरीत आहे.' मी खो खो हसलो आणि मग आठवलं. दिलवर सहावीत असताना त्याची आई अशाच झोळीत, वाटेवरच गेली होती. पुढचा खांदा त्याच्या बाबांचा होता.

"बाले दखाडनं शे," तो म्हणाला, म्हणजे बापाला दाखवायचाय. बाबांची नजर अधू, मोठा पडदा हवा, म्हणून एक जुना टॅब माझ्याकडे दुरुस्तीला दिला. मी भडकलो. "येडा शे का तू? म्हातारा मरी जाई!" तो म्हणाला, "तू पयले पुरा खेळी तं दख, मंग बोल." शेवटचा टप्पा मला काही केल्या जमेना, मी नाद सोडला. टॅब दोन दिवसांत ठीक झाला होता. पण म्हाताऱ्याचं काळीज फाटेल या भीतीनं मी आम्हा दुरुस्तीवाल्यांची ठेवणीतली थाप मारली : डिस्प्ले यायचाय. सुरतेहून निघालाय. चुकीचा आला, परत पाठवला. असे आठ महिने! त्यानं ओळखलं असणारच. शेवटच्या फोनवर एवढंच म्हणाला, "डिस्प्ले पायी येई ऱ्हायना का रे?"

गेल्या रविवारी खेळ टाकलेला टॅब घेऊन पाड्यावर गेलो. बाबा अंगणात बसले होते. सगळं कबूल केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. खेळ कशाचा आहे तेही चाचरत सांगितलं. मग म्हणाले, "मी थकलो होतो. मोहाच्या झाडाखाली झोळी ठेवली. पाणी पिलो. तिथंच गेली ती. ठेवली नसती तर..." हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. दिलवरला मात्र ठाऊक होतं, तो झोळीमागून चालत असणार.

एकेक टप्पा मी दाखवला. शेवटचा त्यांनी स्वतः घेतला. मी आपला सवयीनं म्हणालो, "बाबा, पुढं रेटा, घड्याळ धावतंय." याच घाईत झोळी वाहणारी माझी चारही माणसं दर वेळी कोसळायची. "माणसं थकली ना," म्हणत त्यांनी झोळीवर बोट दाबून धरलं. झोळी झाडाखाली टेकली. घड्याळ थांबलं. चौघांनी खांदे बदलले आणि झोळीतल्या बाईचं वाक्य उमटलं. बाबांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचलं : "बसा घटकाभर. तुम्हीच पडलात, तर मला नेणार कोण?"

टेकल्याशिवाय तो टप्पा सुटतच नाही. दिलवरनं तो बापासाठीच तसा बांधला होता. ते वाक्य लेकानं बापाला वाचून दाखवायचं होतं... आणि वाचलं मी. दिलवर, या एका गोष्टीसाठी मला माफ करू नकोस.

टॅब तिथंच ठेवून आलो. काल शेजाऱ्याच्या फोनवर बाबांशी बोललो. रोज खेळतात म्हणाले. मी विचारलं, "मग, लागली का झोळी सडकेला?"

"नाही," बाबा म्हणाले. "बसू दे तिला जरा."