पिकअपची आंघोळ

दसऱ्याच्या पूजेसाठी मी माझ्या जुन्या पिकअपचं इंजिन प्रेशरच्या पाण्यानं मनोभावे धुतलं. माझी भक्ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला सोसली नाही. गाडी बंद, शेळ्यांचा बाजार बुडाला. तसाच दुसरा कॉम्प्युटर शोधत मी चार दिवस अंगावरच्या कपड्यांनिशी जिल्हाभर वणवण केली.

सिरसाळ्यातल्या एका म्हाताऱ्या भंगारवाल्यांना प्रत्येक वस्तू आधी हुंगायची सवय होती. माझा कॉम्प्युटर नाकाशी धरून ते म्हणाले, "जळला न्हाई, बुडालाय." मग ढिगातला तसला एकेक डबा पुसून नंबर बघत बसले. नंबर तोच नसला, तर गाडी चालू होत नाही म्हणे.

अखेर एक जुळला. आनंदानं मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी मलाही हुंगलं.

"फुडल्या दसऱ्याला गाडीला नुसता हार घाला," ते म्हणाले, "आन् आंघोळ तुमी करा."