भागिले एकोणीस

त्यांनी मला स्टुलावर उभं केलं. लाकडी स्टूल, तीन पायांचं, एक पाय आखूड. म्हणाले, "मोज. मघाशी मोजत होतास तसंच. मोठ्यानं."

समोर लंबक टांगलेला होता. शंभर सेंटिमीटर दोरा, खाली पितळी गोळा. सरांनी स्वतः गोळा बाजूला ओढला आणि सोडला. मी म्हणालो, "लाभ."

प्रयोगशाळेत आम्ही चोवीस मुलं होतो. तेवीस हसली.

गोळा गेला, परत आला. मी म्हणालो, "दोन." तो परत आला. "तीन." स्टूल डगमगत होतं. मी एका हातानं टेबलाची कड धरली होती. वीसपर्यंत मोजून झालं तेव्हा सर डोळे पुसत होते. हसून आलेलं पाणी.

मग त्यांनी माझं जर्नल उघडून माझं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. पृथ्वीच्या ओढीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा, आकडा पुण्यात नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास यायला हवा. माझा आला होता एक हजार ब्याऐंशी. सर म्हणाले, "मुळशीत पृथ्वी जरा जास्तच ओढते वाटतं. म्हणूनच तिकडची माणसं वर येत नाहीत."

मराठीत म्हणाले. त्यांचं वर्गातलं मराठी मला आठवतं ते असलंच. शिकवणं इंग्रजीत असे. हसणं मराठीत.

जर्नलच्या त्या पानावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं, 'रिपीट'. का, ते लिहिलं नाही.

देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी पुण्यातल्या एका कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या मुळशीतल्या वाडीतून कॉलेजात गेलेला पहिला. शाळेतच उशिरा गेलो होतो, त्यामुळे वर्गातल्या बहुतेकांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. मिशी फुटलेला माणूस स्टुलावर उभा होता, हे सांगितलं पाहिजे.

आता 'लाभ' म्हणजे काय ते सांगतो. माझा बाप वाडीचा मापाडी. आमची खालची खाचरं माझ्या जन्माआधीच धरणाच्या पाण्याखाली गेली. वर राहिलेल्या तुकड्यात आमचं पोट भरत नसे. म्हणून सुगीत बाप दुसऱ्यांच्या खळ्यांवर भात मापून देई आणि त्याचं धान्य घेऊन येई. आमच्याकडे मापाडी पहिल्या पायलीला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो. मग दोन, तीन, चार. लक्ष्मीला एकटीनं मोजू नये, असा समज. मला बापानं मोजायला तसंच शिकवलं. शाळेत मास्तरांसमोर मी एक म्हणायचो. पण हातात काम असलं, समोर काहीतरी येत-जात असलं आणि मोजायचं असलं, की तोंडातून लाभच निघे. त्या दिवशीही निघाला.

प्रयोग दोघा-दोघांच्या जोडीनं करायचा होता. माझा जोडीदार पेठेतला. घरी दोन पिढ्या वकिली. सेकंद मोजायचं घड्याळ त्याच्याकडे, मोजणी माझ्याकडे. वीस हेलकाव्यांना अडतीस पूर्णांक दोन सेकंद लागले, असं दोघांनी मिळून टिपलं. उत्तर भलतंच आलं तेव्हा त्यानं शेजारच्या टेबलावरून नऊशे एकोणऐंशी उचललं आणि उलट्या बाजूनं आकडे बसवले. मलाही म्हणाला, तू पण बसव. मी म्हणालो, घड्याळानं दाखवलं तेच लिहीन. त्याच्या पानावर 'गुड' आलं. माझ्या पानावर काय आलं ते सांगितलंच.

हा प्रयोग कसा करायचा ते सरांनी एकदाच करून दाखवलं होतं. इंग्रजीत, सात-आठ मिनिटांत. पुढच्या बाकांवर इंग्रजी चांगलं असलेली मुलं बसत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्यासारख्याला कुणी पुढे बसू देत नसे. मागून मला दिसलं ते एवढंच, की सरांनी गोळा सोडला, त्याच क्षणी बोटानं टेबलावर टकटक केली आणि त्यांचे ओठ हलले. मी ठरवलं, मोजणी इथून सुरू होते.

त्या दिवसापासून माझं नाव लाभशेठ पडलं. हजेरीला मी 'प्रेझेंट' म्हटलं की मागून कुणीतरी हळूच "लाभ" म्हणे. सर ऐकून न ऐकल्यासारखं करत. एकदा त्यांनी स्वतःच मला "काय लाभशेठ" म्हणून हाक मारली. त्यानंतर मुलांना परवानाच मिळाला.

मी बोलायचं बंद केलं. त्या सत्रात मी वर्गात किती प्रश्न विचारले? एकही नाही. मी एकटाच नव्हतो. भोर, वेल्हे, मावळ इकडून आलेली आम्ही पाच मुलं होतो. पाचही गप्प. सर प्राध्यापकांच्या खोलीत सांगत, या मुलांना शंकाच येत नाहीत, डोकंच चालत नाही. हे मला तिथल्या शिपायानं सांगितलं.

दिवाळीची सुट्टी लागली. पौडपर्यंत एसटीनं आणि पुढे पायी घरी गेलो. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची झोडणी चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप एका खळ्यावर मापायला गेला. पोती धरायला मी त्याच्याबरोबर गेलो. बापानं पायली भरली, हातानं सपाट केली, पोत्यात ओतली आणि म्हणाला, "लाभ."

मला ऐकवलं नाही. मी पोतं सोडून बाजूला जाऊन बसलो. दुपारी भाकरी खाताना बापानं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. स्टूल सांगितलं, लाभशेठ सांगितलं. पृथ्वीच्या ओढीचं वाक्य मात्र सांगितलं नाही.

बाप चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. भाकरी खाली ठेवून त्यानं विचारलं, "तू लाभ कदी म्हनलास?"

"गोळा सोडला तेव्हा."

"सोडला तवाच? जाऊन माघारी आल्याव न्हाई?"

"नाही."

"आरं मग चुकलासच की. माप वतल्याव लाभ म्हनायचं. नुसतं उचलल्याव कोन म्हनतंय? तू रिकामं मापच धरलंस मोजनीत. तुजी ईस न्हाईत, येकुनीस हायेत."

त्यानं भाकरी उचलली, एक घास खाल्ला. मग म्हणाला, "मास्तरानं इचारलं न्हाई तुला, कदी म्हनलास त्ये?"

"नाही."

"मग त्यो शिकवतोय काय?"

मी पळत घरी गेलो. ओट्यावर जर्नल उघडलं, लॉगची कोष्टकं काढली. तेच अडतीस पूर्णांक दोन. वीसच्या जागी भागिले एकोणीस. उत्तर आलं नऊशे सत्याहत्तर.

पुन्हा करून पाहिलं. नऊशे सत्याहत्तर.

म्हणजे घड्याळ बरोबर होतं. दोरा बरोबर होता. लाभ म्हणणंही बरोबर होतं. बापाच्या रीतीनं मोजलं असतं तर उत्तर पहिल्याच खेपेला बरोबर आलं असतं. मी बापाची रीत सोडली आणि सरांचं टेबलावरचं बोट धरलं, तिथे चुकलो. ही चूक मी स्टुलावर उभा राहून, मोठ्यानं, सरांच्या समोर पुन्हा केली होती. गोळा त्यांच्याच हातातून सुटला होता. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला ती दिसायला हवी होती. तिसरी शिकलेल्या मापाड्याला भाकरी खाता-खाता, लंबक न बघता दिसली. सरांना दिसली नाही, कारण ते माझा शब्द ऐकत होते. मोजणी ऐकतच नव्हते.

त्या ओट्यावर माझी लाज गेली. तिच्या जागी राग आला. तो अजून आहे.

सुट्टी संपल्यावर जर्नल घेऊन मी सरांच्या खोलीशी गेलो. दोनदा. पहिल्यांदा म्हणाले, वेळ नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, रिपीट म्हणजे पुन्हा करायचं, वाद घालायचा नाही. त्या एका प्रयोगावर सही नव्हती. सगळ्या सह्यांशिवाय सत्र मंजूर होत नसे आणि सत्र मंजूर नसलं तर परीक्षेला बसता येत नसे. बाकीच्या प्रयोगांवर सह्या होत्या. मी पुन्हा करायला तयार होतो. पुन्हा केलं असतं, सही मिळाली असती, वर्ष सुटलं असतं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजातले दोन प्राध्यापक आमची प्रयोगशाळा बघायला आले. सर त्यांना टेबलामागून टेबल दाखवत होते. माझ्या टेबलापाशी थांबले. चेहऱ्यावर तेच हसू. म्हणाले, "हे आमचे लाभशेठ. या, स्टुलावर या. पाहुण्यांना मोजून दाखवा."

जोडीदारानं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

मी म्हणालो, "मी चढणार नाही, सर."

"का?"

"माझी चूक काय होती ते तुम्ही आधी सांगा. मग मोजतो."

सर पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "चूक प्रवेश देणाऱ्याची आहे."

एक पाहुणा हसला. एकच. मी फळ्यापाशी गेलो. खडू घेऊन लिहिलं, ३८.२ भागिले १९. खाली शेवटचं उत्तर लिहिलं, ९७७. मग वळून म्हणालो, "गोळा सोडतानाच मी पहिला आकडा मोजला. म्हणून वीस नव्हते, एकोणीस होते. हे माझ्या बापानं खळ्यावर सांगितलं. तुम्ही मला स्टुलावर चढवलंत, पण विचारलं नाहीत."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. कळलं हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते म्हणाले, "बाहेर हो."

जर्नल त्यांनी ठेवून घेतलं.

चार दिवसांनी कॉलेजच्या कचेरीत बोलावणं आलं. हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता. त्यानं कोरा कागद पुढे केला. सरांचा पाहुण्यांसमोर उपमर्द केल्याबद्दल दोन ओळींत माफी लिहून दे, सत्र मंजूर होईल, हे मी प्राचार्यांकडून नक्की करून घेतलंय, असं तो म्हणाला. हळू आवाजात, घरच्या माणसासारखा. एक वर्षाचा प्रश्न आहे, बापाचा विचार कर.

मी बापाचा विचार केला. आणि दोन ओळी लिहिल्या.

"माझी चूक मोजणीतली होती. ती मी दुरुस्त केली आहे. दुसरी कोणतीही चूक मला दाखवण्यात आलेली नाही."

हेडक्लार्कनं वाचलं. म्हणाला, ओळी तीन झाल्या. मग कागद घडी करून आत घेऊन गेला. माझं सत्र मंजूर झालं नाही.

वर्ष गेलं. मी वाडीत परतलो. पोरगं परीक्षेला बसणार, असं बापानं आसपासच्या सगळ्या खळ्यांवर सांगितलं होतं. पुढची दोन खळी त्यानं दुसऱ्या मापाड्याला सोडली. लोक विचारतील म्हणून. त्याचं धान्य त्या साली तेवढं कमी आलं आणि आईनं ते जेवणात जाणवू दिलं नाही. हे सगळं माझ्या तीन ओळींमुळे. मी ते विसरलेलो नाही आणि त्या ओळी मागेही घेत नाही.

पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात पहिल्यापासून सुरुवात केली. पदवी घेतली, त्यापुढची घेतली. आज मी चाळिशीला टेकलोय, दोन मुलांचा बाप आहे आणि गेली काही वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणजे स्टूल आता माझ्या ताब्यात आहे.

यंदा आमच्याकडे अध्यापन सुधारण्यासाठी प्राध्यापकांची समिती बसली. निकाल का घसरतो, यावर चर्चा. आता खेड्यापाड्यांतून मुलं पुष्कळ येतात. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की यांची तुकडी वेगळी करावी, म्हणजे चांगल्या मुलांचं नुकसान होणार नाही. बऱ्याच माना हलल्या. मी उठून एकच विचारलं. या मुलांच्या जर्नलात तुम्ही गेल्या वर्षी 'रिपीट' किती ठिकाणी लिहिलंत आणि त्यांतल्या किती ठिकाणी का ते लिहिलंत?

मी माझ्या वर्गातली जर्नलं बरोबर नेली होती, ती टेबलावर ठेवली. प्रत्येक 'रिपीट'खाली चूक कुठे झाली ते मराठीत लिहिलेलं आहे. ते लिहायला वेळ लागतो. मुलाला टेबलापाशी बोलावून, तू कसं मोजलंस, कुठून सुरुवात केलीस, हे ऐकून घ्यावं लागतं. ज्येष्ठ म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे? मी म्हणालो, हसायला असतो.

वेगळ्या तुकडीच्या ठरावाला माझा विरोध मी लेखी नोंदवला. एकट्याचा आहे. ठराव पास झाला. तो अमलात येईल त्या दिवशी मी त्याच वेगळ्या तुकडीचा वर्ग मागून घेणार. त्यांचे निकाल आणि बाकीच्या तुकड्यांचे निकाल शेजारी-शेजारी लिहून दर सत्राला फलकावर लावणार. काढून टाकले तर पुन्हा लावणार.

आणि माझ्या हयातीत, माझ्या डोळ्यांदेखत कुणी एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या मोजणीसाठी स्टुलावर चढवलं, तर मी त्या मुलाला हात धरून खाली उतरवीन. मग चढवणाऱ्याला, तो माझ्यापेक्षा कितीही मोठा असो, पाहुणे समोर असोत की नसोत, बापाचा प्रश्न बापाच्याच भाषेत विचारीन. उत्तर मिळेपर्यंत विचारीन.

मग तू शिकवतोयस काय?