अण्णांचा एकच शब्द

शेजारच्या बाळंतिणीसाठी आज कुणीतरी लसूण घालून तिळाचं तेल कढवलं, आणि त्या वासासरशी मी पुंडलिकनगरच्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.

लकव्यानं माझ्या वडिलांची, अण्णांची, उजवी बाजू गेली होती. बोलण्यात एकच शब्द उरला होता, ‘व्हय’. काहीही विचारा, उत्तर तेच. रोज दुपारी मी त्यांचे पाय चोळायची. त्या दिवशी, ज्याच्याशी माझं जमलं होतं, तो सतीश आला. चार महिने चितेगावच्या कंपनीत, मग सुरत, मग आणखी कुठं. तो असाच यायचा आणि जायचा. खांद्यावरची बॅग न उतरवताच त्यानं दुसरा पाय चोळायला घेतला.

“अण्णा, हिला नेऊ का माझ्यासंगं?” त्यानं एकदम विचारलं.

“व्हय,” अण्णा म्हणाले, आणि धड असलेल्या डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट त्याच्याकडं ढकललं.

ते आम्ही दोघांनीही पाहिलं. सतीशचा चेहरा उतरला. मग घाईनं हसत तो म्हणाला, “की राहू देऊ हिला इथंच?”

“व्हय.” या वेळी हात हलला नाही.

“बघ, यांचं सगळ्यालाच व्हय!” मी म्हणाले, आणि मीही हसले. किती हलकं वाटलं होतं तेव्हा! तेलकट हात बॅगेला पुसून तो निघाला, तो पुन्हा आलाच नाही.

लोकांना मी सांगत आले, अण्णांसाठी थांबले म्हणून.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं जगले. ‘व्हय’ मात्र त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.