भिंतीवर टांगलेले गालिचे

“आणखी वाढव!” स्टेजवरून पाउलो ओरडला. मी ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवला आणि गाणं आणखीच बिघडलं.

साठच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीहून येऊन मी दुबईत खाडीकाठच्या एका नव्या हॉटेलात साउंड सांभाळायचो. पाउलो ब्राझीलचा, रॉक गाणारा. एका बँडबरोबर तो इथं आला, लीडरशी भांडला आणि बँड सोडून मोकळा झाला. आता नुसत्या गिटारवर एकटा गाणार होता. संध्याकाळी मॅनेजर त्याला ऐकणार होते. पसंत पडला तर सीझनभर काम, नाही तर चंबूगबाळं आवरून घरी.

“माइक तोच, हॉल तोच. मग आताच काय झालं?” तो वैतागला होता.

मलाही आधी मशीनचाच संशय. व्हॉल्व्ह बदलले, वायरी तपासल्या. सगळं ठणठणीत! मग हॉलच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली. ती मागच्या भिंतीवर आपटून परत आली. पाउलोला स्वतःचा आवाज असाच उशिरा ऐकू येई, त्या आवाजाची वाट पाहत तो रेंगाळे आणि ताल सुटे. बँडमध्ये असताना शेजारचा ड्रमर ताल धरून ठेवायचा, म्हणून हे कधी कळलंच नाही. नॉब वाढवणं म्हणजे आगीत तेल.

मॅनेजर लेबनानी. त्यांना म्हटलं, “सर, लॉबीतले गालिचे त्या भिंतीवर टांगू या.”

“हबीबी, गालिचे पायाखाली असतात!”

“आजच्यापुरते, सर. कापड आवाज पिऊन टाकतं.”

त्यांनी पाउलोकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

“यल्ला, टांगा. पण एकही डाग दिसता कामा नये.”

गालिचे चढले. पाउलो गाऊ लागला आणि मध्येच थांबला. “हा माझा आवाज? एवढासा?”

“एवढाच आहे आणि चांगला आहे. आता ओरडू नकोस.”

मला त्याचं वाईट वाटलं. इतकी वर्षं गाऊन त्यानं स्वतःला नीट ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी तो हळू गायला. वेटर ट्रे घेऊन जागीच थांबले. मॅनेजर एवढंच म्हणाले, “खलास, ठरलं. हा इथंच राहील.”

त्याचा जुना बँड दुबईहून निघाला त्या दिवशी पाउलो एअरपोर्टवर गेला. लीडरशी बोलला नाही, पण ड्रमरच्या गळ्यात पडून रडला म्हणे. माणूस एकटा गायला लागला, की आपला ताल आजवर कोण सांभाळत होतं ते कळतं.