मडावीबाईंनी माफ केलं नाही

मडावीबाईंसमोर कुणी उगाच काही बोललं तर ते वाक्य वाया जात नसे. त्या ऐकून घेत, मान हलवत, आणि वर्षा-दोन वर्षांनी बोलणाऱ्याला ते जसंच्या तसं परत करत. शब्द तेच, चढउतार तेच, मधलं खाकरणंसुद्धा तेच.

मला हे कळलं ते माझ्याच वाक्यावरून. मी गोंदियाजवळच्या फुलचूरचा. पहिली नोकरी लागली ती अर्जुनी मोरगावच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या एका गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत. रुजू झालो त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या कपाटाशेजारी प्लास्टिकच्या खोळीत गुंडाळलेला मोठा टीव्ही दिसला, आणि मी हसून म्हणालो, "नेटवर्क नाही, लाईटचा भरोसा नाही. इथं डिजिटल काय शिकवणार, कपाळ?" तिथं आधीपासून शिकवणाऱ्या मडावीबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. तीन वर्षांनी माझ्या वर्गातली मुलं टॅबवर भागाकार करत होती आणि मी पाहुण्यांना ते मोठ्या ऐटीत दाखवत होतो. बाई दारातून वाकल्या. "इथं डिजिटल काय शिकवणार, कपाळ?" एवढं म्हणून निघून गेल्या. पाहुण्यांना काही समजलं नाही. माझे कान मात्र गरम झाले.

"मी भांडत नाही जी," त्या म्हणायच्या. "भांडलं का मानूस मोकरा होऊन जाते. मले मोकरं नाही व्हायचं." मोकरं म्हणजे मोकळं; त्यांच्या बोलीत ळ चा र होई.

बाई उंच, सावळ्या, कपाळावर तीन ठिपक्यांचं गोंदण असलेल्या. त्याच भागातल्या, गोंड समाजातल्या. आमच्या शाळेतली बहुतेक मुलं घरी गोंडी बोलणारी. पहिलीच्या पुस्तकात पाण्याच्या पेल्याचं चित्र असे आणि मुलं त्यावर बोट ठेवून म्हणत, "येर." येर म्हणजे पाणी. बाई स्वतः पहिलीत असताना हेच म्हणाल्या होत्या, आणि गुरुजींनी हातावर छडी मारली होती. "मानूस तहान लागली म्हनून सांगून राहिला, तर त्याले मारते का कोनी?" त्या विचारायच्या. त्या गुरुजींचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. नाव घेण्याइतकाही मान त्यांना द्यायचा नव्हता.

टीव्हीची खोळ बाईंनीच काढली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, खराब झाला तर जबाबदारी कोणाची?" बाई म्हणाल्या, "खोळीत ठेवून म्हातारा होऊन मेला, तर त्याची जबाबदारी कोनाची सर?" आणि कात्री चालवली.

मग त्यांनी जे सुरू केलं ते मी त्याआधी कुठल्याच वर्गात पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईला, सोमीबाईला, गोष्टी सांगायचा नाद होता. पण मोबाईल समोर धरला की म्हातारी गप्प. "याले का सांगू? हा हुंकार देत नाही," म्हणायची. म्हणून बाई मोबाईल मांडीवर उलटा ठेवून तिच्यासमोर बसायच्या आणि स्वतः हुंकार द्यायच्या. असं करत कोंबडी आणि मुंगसाची गोष्ट, तळ्यातल्या कासवाची गोष्ट, मोहाच्या झाडाची गोष्ट, सगळं आधी गोंडीत आणि मग मराठीत, म्हातारीच्या आवाजात उतरलं. चित्रं मुलांनी काढायची, बाईंनी त्यांचे फोटो काढून आवाजावर बसवायचे. रेकॉर्डिंगमध्ये मागे कोंबड्या ओरडत, मधेच म्हातारी खोकत असे. मुलांना तो खोकलाही पाठ होता.

शिवाय कार्डं होती. प्रत्येक मुलाकडे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं एक कागदी कार्ड. प्रश्न टीव्हीवर यायचा, मुलानं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, आणि बाईंनी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या उत्तराला किती कार्डं ते पडद्यावर. कुणाचं चुकलं ते फक्त बाईंना दिसे. वर्षभर तोंड न उघडलेली पोरं कार्ड उचलू लागली. "हात वर कराले भेव लागते," बाई म्हणायच्या, "कार्डाच्या मांगं तोंड लपवता येते."

याच सुमारास ढोमणे सर आमच्याकडे येऊ लागले. ते आमच्या भागातले तंत्रस्नेही शिक्षक, म्हणजे बाकीच्या शिक्षकांना टीव्ही-टॅब शिकवायची कामगिरी त्यांच्याकडे होती. गोड बोलणारे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बाईंचे पाठ पाहून त्यांनी तोंडात बोट घातलं. "मॅडम, हे जिल्ह्यात गेलं पाहिजे. पेनड्राइव्ह द्या, मी मोठ्या पडद्यासाठी नीट करून आणतो." बाईंच्या मोबाईलमध्ये जागा कमी. जुनं काढल्याशिवाय नवं मावत नसे, त्यामुळे जे काही होतं ते त्या पेनड्राइव्हमध्येच होतं. बाईंनी तो दिला. त्यांच्या हातात ठेवताना मीच म्हणालो होतो, "द्या ना बाई, सर आपलेच आहेत."

पेनड्राइव्ह गेला आणि दीड महिन्यानं सोमीबाई गेली. तापाचं निमित्त झालं.

ढोमणे सर आले तेव्हा बाई दिवस-कार्य आटोपून नुकत्या कामावर आल्या होत्या. सरांनी मोठ्या उत्साहानं टीव्ही लावला. पडद्यावर झगझगीत अक्षरं आली, 'निर्मिती आणि संकल्पना' असं लिहून खाली ढोमणे सरांचा फोटो. गोष्ट तीच, चित्रं मुलांचीच, फक्त रंग चढवलेले. आवाज शहरातल्या कुणा मुलीचा, घासूनपुसून काढलेला. गोंडी पूर्ण गायब. जिथं म्हातारी 'येर' म्हणायची, तिथं ती मुलगी 'पाणी' म्हणत होती.

बाईंनी विचारलं, "सर, मायचा आवाज कुठं हाय?"

"अहो मॅडम, त्यात फार खरखर होती. कोंबड्या, खोकला... ते ठेवून काय करायचं? जागा अडत होती. डिलीट केलं."

"दुसरीकडं ठेवलं असन ना?"

"नाही. कशाला ठेवू?"

बाईंनी मान हलवली. मी त्यांच्याशेजारी उभा होतो. त्या रडतील, ओरडतील, काहीतरी फेकतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "चहा घेता का सर?" आणि स्वतः चहा आणला. ती मान हललेली पाहिली तेव्हाच ढोमण्यांसाठी मला भीती वाटली.

त्या पाठांना जिल्ह्यात बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात शाल-श्रीफळाचा फोटो आला. मी बाईंना म्हणालो, आपण तक्रार करू, मी साक्ष देतो. त्या म्हणाल्या, "कागद का करते सर? कागदाले कागद उत्तर देते. मी थांबतो."

दोन वर्षं थांबल्या. ढोमणे सर आले की हसून बोलत, त्यांच्या प्रशिक्षणांना पहिल्या रांगेत बसत, लॅपटॉप जोडून देत, तारा गुंडाळून ठेवत. हळूहळू ढोमण्यांचं पानही त्यांच्याशिवाय हलेना. मग गोंदियात डिजिटल वर्गांचा मोठा कार्यक्रम ठरला. ढोमण्यांना व्यासपीठावर प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवायचा होता, खऱ्या मुलांबरोबर. बाई म्हणाल्या, "माह्या वर्गाले घेऊन जा ना सर. पोरं तयार हायत. लॅपटॉपवर मी बसतो."

सव्वीस पोरं, बाई आणि मी रेल्वेनं गोंदियाला गेलो. सभागृहात अधिकारी, शिक्षक, पत्रकार. पुढच्या रांगेत पांढरं धोतर, टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ढोमण्यांचे वडील. मुलाचा पाठ पाहायला आले होते.

पाठ झाला. ढोमण्यांनी प्रश्न विचारले, मुलांनी कार्डं उचलली, पडद्यावर सगळी उत्तरं बरोबर आली, टाळ्या पडल्या. ढोमणे हात जोडून वाकले. तेवढ्यात लॅपटॉपवर बसलेल्या बाईंनी पुढचा प्रश्न लावला. तो ढोमण्यांचा नव्हता.

'ही गोष्ट तुम्ही पहिल्यांदा कोणाच्या आवाजात ऐकली?'

खाली चार पर्याय. टीव्हीतल्या ताईच्या. ढोमणे सरांच्या. सोमीआजीच्या. आठवत नाही.

सव्वीस कार्डं वर गेली. बाईंनी मोबाईल फिरवला. पडद्यावर एकच रांग चढत गेली, सोमीआजीची, पार वरपर्यंत. बाकी तिन्ही पर्याय कोरे.

"हा प्रश्न चुकून..." ढोमणे म्हणाले. बाईंनी पुढचा लावला. 'कोंबडीचं चित्र कोणी काढलं?' पर्यायांत ढोमण्यांचं नाव होतं आणि वर्गातल्या तीन मुलांची. सव्वीस कार्डांनी सुनीता या मुलीचं नाव सांगितलं.

समोर बसलेल्या अधिकारीबाईंनी विचारलं, "सोमीआजी कोण?"

सुनीताच उभी राहिली. तिनं उत्तर दिलं नाही, सरळ गोष्टच सुरू केली. गोंडीत, म्हातारीच्या लयीत, म्हातारी थांबायची तिथं थांबत. कोंबडी पाण्यावर येते त्या जागी सोमीबाई खोकली होती. सुनीता तिथं खोकली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या पोरीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर ढोमण्यांवर होती, आणि डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

ढोमण्यांचे वडील उठले. टोपी काढून हातात घेतली आणि खुर्च्यांना धरत धरत बाहेर गेले.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बाई, त्यांचे वडील तिथं होते. तुम्हाला ठाऊक नसेल."

"मीच बोलावलं त्याइले," बाई म्हणाल्या. "फोन केला. म्हनलं, बाबाजी, पोराचं काम पाहाले येजा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माही माय काही न पाहताच गेली. त्याच्या बापानं तरी पाहावं, कोनाचं का गेलं ते."

चौकशी झाली, बक्षीस परत घेतलं गेलं, ढोमण्यांची बदली दूरच्या एका लहान शाळेत झाली. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. वडिलांची ती टोपी आठवली की मात्र वाटत नसे.

काही महिन्यांनी ढोमणे शाळेत आले. इस्त्री गेलेली. बाईंसमोर हात जोडून म्हणाले, "मॅडम, चुकलो. काय करू सांगा."

"मायचा आवाज आना."

"नागपूरला नेऊन पाहिला पेनड्राइव्ह. नाही निघत. दुसरं काही सांगा."

बाई म्हणाल्या, "'त्यात फार खरखर होती. कोंबड्या, खोकला... ते ठेवून काय करायचं?'" अगदी त्यांच्याच आवाजात.

तरीही तो माणूस येत राहिला. बदलीच्या गावात त्यानं गोंडी शिकायला घेतली. सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करू लागला, खोकल्यासकट, कोंबड्यांसकट. प्रत्येक पाठावर सांगणाऱ्याचं नाव आधी, स्वतःचं कुठंच नाही. पाठ घेऊन आमच्या शाळेत यायचा. बाई ऐकायच्या, वर्गात वापरायच्यासुद्धा. "काम चांगलं हाय. ठेवतो. तुमी जा आता." बसा म्हणून कधी म्हणाल्या नाहीत.

मला ते बघवेना. एकदा मी बोललो. "बाई, पोरांच्या तोंडी सोमीआजी आहेच की. सुनीताच्या आवाजात आहे. हा माणूस इतका झिजतोय. इतकं मनात ठेवून काय मिळतं तुम्हाला?"

"पोट्टीचा आवाज पोट्टीचा हाय सर. मायचा मायचा होता." त्यांनी मान हलवली. वाक्य आत गेलं, हे माझ्या लक्षात आलं.

मागल्या वर्षी बाईंना पोटाचं दुखणं निघालं. नागपूरला नेलं, परत आणलं. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तर अंगणात खाटेवर होत्या. अंगावर काही उरलं नव्हतं, डोळे तेच. म्हणाल्या, "एक काम हाय तुमच्याकडं. ढोमने येईन मातीले. त्याच्या हातची माती माह्यावर पडू देऊ नका."

मी म्हणालो, "घरच्यांना सांगा बाई. मी कोण?"

"घरचे भोरे हायत. रडनाऱ्या मानसाले नाही म्हनत नाहीत. तुमी शिकलेले." मग म्हणाल्या, "आन तुमीच इचारलं होतं ना, 'इतकं मनात ठेवून काय मिळतं तुम्हाला?' पाहून घेजा."

चौथ्या दिवशी बाई गेल्या. त्यांच्याकडे पुरण्याची रीत. सकाळी दहाच्या सुमारास गाव, शाळा, जुने विद्यार्थी सगळे जमले. एकेकानं पुढं होऊन मूठ मूठ माती दिली. सुनीता आता नववीत आहे, तिनं दिली. मी दिली. ढोमणे सगळ्यात मागं उभे होते. सर्वांचं झाल्यावर पुढं आले, वाकले, मूठ भरली.

मी त्यांचं मनगट धरलं.

बाईंच्या यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. लोक पाहत होते. ढोमण्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. माझ्या हातात त्यांची नाडी उडत होती.

"बाईंनी सांगितलं होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

त्यांनी बाजूला वळून मूठ उघडली. माती गवतावर पडली.

"आणखी काही म्हणाल्या?"

मला खोटं बोलता आलं असतं. रडणाऱ्या माणसाला माणूस बोलतोच काहीतरी.

"नाही," मी म्हणालो.