आभाळाची पट्टी

खंडेनवमीला आमच्या बुलढाण्याच्या वृत्तपत्र कार्यालयात यंत्रांची पूजा होत असे. त्या वर्षी व्यवस्थापकांनी सर्व्हरलाही हळद-कुंकू लावायचे ठरवले. आमचा संगणक ऑपरेटर तेव्हा जुन्या वर्षांची छायाचित्रे सर्व्हरच्या एका विभागातून दुसऱ्यात हलवत होता.

"दोन मिनिटं थांबा साहेब, मशीनचं काम चालू हाय."

"काऊन बे, पूजेले मशीन चालू ठेवतं का?" म्हणत व्यवस्थापकांनी भिंतीवरचे बटण बंद केले.

दसऱ्याची सुटी संपल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण छायाचित्रांचा विभाग उघडेना. सर्व्हरची देखभाल उपसंपादकीच्या जोडीने माझ्याकडेच होती. त्याच दुपारी संग्रामपूर तालुक्यातली एक बाई आली. बीटी कपाशी आमच्या भागात नवी होती तेव्हा तिच्या नवऱ्याचा शेतात उभा असलेला फोटो आम्ही पहिल्या पानावर छापला होता. कपाशीवर मारायचे औषध पिऊन तो गेल्याची बातमीही आम्हीच छापली, फोटोशिवाय. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. अंकातले कात्रण स्टुडिओत मोठे करून पाहिले, तेव्हा चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले.

"वर्षश्राद्ध हाय भाऊ. मले त्याहीचा फोटू पायजे. लेकरू लहान हाय, त्याले बाप आठवत नाही."

ऑपरेटरने तिला बाकावर बसवले. "बसा वहिनी. आमच्या डिस्का जुळ्या हायेत. एक मेली तं दुसरी रडाले हाय."

हे कार्यालयातले नेहमीचे वाक्य. जुळ्या डिस्क आल्यापासून सीडीवर प्रती काढणे आम्ही बंद केले होते.

मी डिस्कच्या जोडीची स्थिती तपासली. दोन्ही डिस्क सुस्थितीत होत्या आणि एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. वाईट बातमी नेमकी हीच होती. एक डिस्क बिघडली असती तर दुसरीवरून काम भागले असते. इथे मध्येच वीज तोडल्याने बिघाड फाइलींच्या मांडणीत झाला होता, आणि जे एकीवर लिहिले जाई तेच दुसरीवर. 

एक डिस्क काढून न छेडता बाजूला ठेवली. दुसरीवर आधी काहीही न बदलता नुसती तपासणी चालवली, मग दुरुस्ती. विभाग उघडला, पण तो फोटो छापला त्या वर्षाचा फोल्डर रिकामा होता. ज्या फाइलींचा पत्ता लागत नाही त्यांचे तुकडे सर्व्हरची लिनक्स प्रणाली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. आमच्या छोट्या जाहिरातींत 'हरवले-सापडले' हे सदर होते. तिथे निदान वस्तूचे वर्णन असे. इथे नावाच्या जागी फक्त आकडे होते.

एकेक तुकडा उघडत गेलो. बहुतेक उघडलेच नाहीत. काही सभा, एक सत्कार, अर्धी बैलजोडी. संध्याकाळकडे एका तुकड्यात आभाळ दिसले. त्याखाली पांढऱ्या टोपीची कड. त्याखाली सगळा राखाडी रंग.

पहिल्या पानाच्या फोटोत शीर्षकासाठी वर मोकळी जागा सोडायची, अशी छायाचित्रकाराला सूचना असे. ती त्याने पाळली होती. वाचली होती ती तेवढीच जागा.

बाजूची डिस्क जोडून पाहिली. तिच्यावरही तेवढेच होते.

बाई पडद्याजवळ आली. "टोपी त्याहीचीच हाय. खाली काऊन नाही?"

"तेवढंच राहिलंय," मी म्हणालो.

"मंग उद्या येऊ का?"

"उद्याही एवढंच असेल."

तिने पडद्यावरच्या टोपीच्या कडेवर बोट ठेवले. "एवढं तरी कागदावर काढून द्या."

ऑपरेटरने प्रिंट काढली. राखाडी भाग कापून टाका, असे तिने सांगितले. त्याने पट्टी धरून कापला. चार बोटे रुंदीचे आभाळ उरले. याला फ्रेम कोणत्या मापाची लागेल, असे तिने विचारले.