आईला काय सांगू?

मुटालेबाई कुणालाही भेटल्या की गुडघे किंचित वाकवत, तळहात वाटीसारखे करत आणि हलकेच टाळी वाजवत. आवाज मऊ, भाकरी थापल्यासारखा. तळवड्यातल्या आमच्या कारखान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी गेटवरच्या वॉचमनलाच अशी टाळी दिली. तो बिचारा आपल्या मागे कुणी साहेब उभा आहे का, ते वळून बघू लागला. मग कळलं, झांबियात त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. दुपारपर्यंत अख्खा शॉप, म्हणजे मशीनवरची सगळी मंडळी, त्यांना उलट टाळ्या देत होती, आणि माझं म्हणाल तर उत्साहाच्या भरात डबा उघडायचा राहून गेला होता.

उत्साह येणारच हो! आम्ही ट्रान्सफॉर्मर बनवतो. आमचा माल महाराष्ट्राबाहेर गेला तरी आम्ही पेढे वाटायचो, आणि आता थेट झांबियाच्या सरकारी वीज कंपनीची ऑर्डर! माल तपासून पसंत करायला त्या कंपनीने पाठवलेल्या इंजिनिअर म्हणजे मुटालेबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला झगझगीत निळं कापड गुंडाळलेल्या. मी क्वालिटी विभागातली, त्यामुळे दिवसभर त्यांच्याबरोबर असायचे. बोलणं इंग्रजीत, पण हसणं इतकं मोठं की ते कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

वाइंडिंगच्या मशीनवर तांब्याची पट्टी गुंडाळली जाताना पाहून तर त्या नाचायच्याच बाकी राहिल्या. पट्टीवर हात फिरवत मला म्हणाल्या, "हे आमच्या मातीतलं असणार, बघ! पोरगं शिकायला परदेशी आलं होतं. आता शिकून घरी चाललंय." त्यांचे वडील तांब्याच्या खाणीत होते आणि त्या काळी खाण सरकारची होती. शाळा खाणीची, दवाखाना खाणीचा, फुटबॉलचा संघही खाणीचाच. "घरातला दिवा गेला तरी खाणीचा माणूस येऊन बदलायचा," त्या सांगत. पुढे तांब्याचा भाव पडला, सरकारला खाणी पोसवेनात, आणि त्या विकल्या गेल्या. "नवे मालक तांबं काढायला आले होते. दिवे बदलायला नाही."

हे ऐकून मी त्यांना निगडीला घरी जेवायला नेलं, कारण माझ्या वडिलांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका सरकारी कारखान्यात गेली होती. बाबा तर उडालेच. "अहो, आमच्या कॉलनीतही अस्संच!" पिठलं गार झालं तरी दोघांचं संपेना. शेवटी बाबांनी विचारलं, "पण सरकारी म्हटलं की पुढारी आपली माणसं घुसवतात, काम रेंगाळतं. तुमच्याकडे नाही का तसं?" बाई खो खो हसल्या. "त्यासाठी आमच्याकडून मास्तर पाठवू का तुम्हाला?"

मग थोड्या गंभीर झाल्या आणि त्यांनी आईबद्दल सांगितलं. त्यांची आई एका लहान गावात टोमॅटो विकते. वीज गेली की ती लेकीला फोन लावते, "तुझी कंपनी काय करतेय?" पाऊस झाला नाही, धरण आटलं, तरी जाब लेकीलाच. त्यामुळे शॉपमध्ये कुणी "चालतंय मॅडम" म्हटलं, की बाई भुवया उंच करून विचारायच्या, "आणि आईला काय सांगू?" हे आमच्या पोरांना इतकं आवडलं की ती चहा पातळ झाला तरी तेच म्हणायला लागली.

आमचा ट्रान्सफॉर्मर नेमका त्याच गावी जाणार होता. तिथला जुना जळाला होता. शेजारच्या गावावरून वीज पाळीपाळीने मिळत होती, आणि बाईंच्या धाकट्या बहिणीची कोंबडीची पिल्लं दिव्याच्या उबेवाचून मरत होती. बाईंना घाई होती ती या सगळ्यामुळे.

अखेर चाचण्या झाल्या. सगळ्या पास! बाईंनी तेलाच्या व्हॉल्व्हला तार बांधून त्यावर शिशाचं सील दाबलं. चाचणीनंतर कुणी व्हॉल्व्ह उघडून आतल्या तेलाला हात लावलेला नाही, याची ती खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर लागला, बोट गाठायला न्हावाशेवाला निघायचं होतं. आम्ही माल पूजेशिवाय सोडत नाही, आणि पूजा करणार भालेकरमामा. मामा तळवडे गावातलेच, शॉपमधले सगळ्यात जुने. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, झेंडूचं तोरण लागलं. बाई कौतुकाने तोरणाजवळ गेल्या आणि थबकल्या. तोरण त्यांच्याच तारेने बांधलं होतं. सील जमिनीवर पडलं होतं.

"सुतळी तुटली वो ताई," मामा कसेबसे म्हणाले. "ही तार बारीक, मजबूत दिसली, म्हणून सोडून घेतली. आमाला काय ठावं!"

मालक धावत आले. "बाई, तुमच्यासमोर पास झालाय. दुसरं सील लावा की. बोट चुकेल."

"तार सुटल्यापासून व्हॉल्व्ह कुणी उघडला नाही, हे मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "चाचण्या पुन्हा."

"अहो, सरकारी कंपनी तुमची! तिथे विचारायला मालक असा आहे कोण?"

बाईंनी फोन काढला आणि आमच्यासमोरच आईला लावला. भाषा कळत नव्हती, पण पलीकडून आरडाओरडा स्पष्ट ऐकू येत होता. मध्येच बहिणीचाही आवाज आला, रडका. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. ज्या गावासाठी त्या हट्ट धरत होत्या, तेच गाव त्यांना बोल लावत होतं.

"काय म्हणाल्या आई?" मी विचारलं.

"भरपूर ओरडली. मग म्हणाली, जळका आणू नकोस. नीट बघून आण."

मामांचा चेहरा पार उतरला होता. बाई त्यांच्याकडे वळल्या आणि तोरण कशासाठी असतं, ते मला विचारायला सांगितलं. "लेक सासरी निघाली की वटी भरत्यात, तसं हाय ताई," मामा म्हणाले. ते ऐकून बाईंनी त्यांना टाळी दिली, गुडघे जरा जास्तच वाकवून. "मग लेक नीट तपासूनच पाठवू," त्या म्हणाल्या.

ट्रेलर रिकामा परत गेला. पण काय सांगू, त्यानंतर शॉपला जे स्फुरण चढलं! सुट्टी असलेले कामावर आले. मामा व्हॉल्व्हपाशी स्टूल टाकून बसले आणि कुणाला जवळ फिरकू देईनात. चाचण्या पुन्हा झाल्या, आकडे तेच आले. "सांगत होतो ना," मालक पुटपुटले. बाई मजेत म्हणाल्या, "हो, पण आता मीही सांगू शकते." या वेळी नारळ त्यांनी स्वतः फोडला आणि तोरणाला मामांनी नवी कोरी सुतळी आणली.

बाई परत गेल्या. बोट पुढची मिळाली, गाव तेवढं जास्त थांबलं. आणि मग एका संध्याकाळी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल! मी ओरडतच शॉपमध्ये पळाले, सगळे गोळा झाले. पडद्यावर आमचा ट्रान्सफॉर्मर, अंगावर कुंकवाचा पुसट डाग. मग बाजार, ओळीने पेटलेले दिवे, आणि टोमॅटोच्या ढिगामागे एक सुरकुतलेली आजी. आम्ही सगळ्यांनी वाटीसारखे हात करून टाळ्या वाजवल्या. आजींनी एकदा दिव्याकडे पाहिलं आणि लेकीला काहीतरी खडसावून सांगितलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

बाई हसून हसून बेजार. "म्हणते, दिवा आला. आता नळाचं बघ. पाणीसुद्धा सरकारी कंपनीच देते ना! ते माझ्याकडे नाही, हे हिला कसं सांगू?"

मी ते मराठीत सांगताच भालेकरमामांनी मालकांकडे एकदा पाहिलं आणि फोनजवळ तोंड नेलं.

"सांगू नका ताई," ते म्हणाले. "मालकीण हाय ती."